जर्मन अक्का आणि आठवा तास

जर्मन अक्कांच्या वर्गातून भांडणाचा आवाज आला नाही, तर अक्का आज रजेवर आहेत असं खुशाल समजावं. मला हे ठाऊक नव्हतं. धुळ्याच्या आमच्या शाळेत मी गणिताचा शिक्षक म्हणून रुजू झालो त्याचा तो दुसराच दिवस होता. शेजारच्या खोलीत दोन पोरं एकमेकांवर ओरडत होती, मधेच बाक आपटत होता, आणि उरलेला वर्ग त्यांना चेव आणत होता. नव्या मास्तराच्या अंगात शिस्त जरा जास्तच असते. फळ्यावर वर्तुळ काढायचा लाकडी कंपास हातात तसाच धरून मी धावत आत शिरलो आणि त्यातल्या उंच पोराचा दंड पकडला. म्हणालो, "चल मुख्याध्यापकांकडे."

खिडकीशी एक पन्नाशीतल्या बाई उभ्या होत्या. पिकलेल्या केसांचा घट्ट अंबाडा, पदर खोचलेला, हातात खडूऐवजी एक हिरवं, लांबट वांगं. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, त्याला सोडा. तो वांगीवाला आहे. अजून भाव ठरला नाही."

माझी आणि अक्कांची ओळख झाली ती अशी. पुढे आठवडाभर पोरं मला पाहिलं की 'ओबर्झीन, ओबर्झीन' म्हणत होती. म्हणजे वांगं, हे मला नंतर समजलं.

अक्कांचं म्हणणं असं, की गाणं पाठ झालं म्हणजे भाषा आली असं नव्हे. भांडता आलं की भाषा आली. त्यामुळे त्यांच्या वर्गात कधी एसटीतल्या खिडकीच्या जागेवरून वाद चाले, कधी मोबाइलच्या दुकानदाराशी, कधी नळावरच्या नंबरावरून. सगळं जर्मनमध्ये. "माझी पोरं जर्मनीत गेली तर त्यांना कुणी फसवणार नाही," त्या म्हणत, "कविता म्हणायला तिथली माणसं आहेत." तोंडी परीक्षेला त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे : भरीत कसं करतात ते सांगा. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजण्यापासून मिरची-लसूण ठेचण्यापर्यंत आमची पोरं जर्मनमध्ये धडाधड सांगत. कळण्याची भाकरी आली की मात्र तो शब्द तसाच ठेवायचा, अशी अक्कांची सूचना होती. "तो जर्मनांनी शिकावा. आपण किती शिकायचं त्यांचं?"

अक्का चाळीसगावच्या. रोज सकाळच्या पॅसेंजरने धुळ्याला येत आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने परत जात. वडील रेल्वेत, रुळांच्या देखभालीच्या टोळीत होते. पहाटे घरात बुद्धवंदना व्हायची, मग वडील हातोडा घेऊन रुळांवर आणि अक्का दप्तर घेऊन शाळेत. घराण्यात कॉलेज पाहिलेल्या त्या पहिल्याच. पुण्याला गेल्या आणि तिथे जर्मन घेतली. आमचे संस्थाध्यक्ष आबा एकदा यंत्रं बघायला जर्मनीला गेले, तिथून येताना दोन भिंतीवरची घड्याळं आणि 'आपल्या शाळेत जर्मन पाहिजे' असा निश्चय घेऊन आले, म्हणून धुळ्यात जर्मन सुरू झाली, आणि अक्का तिच्यासोबत आल्या. पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या शिपायाने त्यांना 'या अक्का' म्हटलं, तेव्हापासून आबांपासून पाचवीतल्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या त्या अक्काच.

"पण जर्मनच का घेतलीत?" मी एकदा डबा खाताना विचारलं.

"संस्कृतच्या खिडकीवर रांग होती. जर्मनच्या नव्हती."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "सर, संस्कृतच्या वर्गात काही मुली अशा होत्या की त्यांच्या घरी आजोबा रोज स्तोत्रं म्हणायचे. इंग्रजीच्या वर्गात काहींच्या घरी इंग्रजी पेपर यायचा. जर्मनच्या वर्गात पहिल्या दिवशी सगळे सारखे ढ. कुणाच्या घरी काही नाही. मला तेवढंच पाहिजे होतं. सगळ्यांच्या बरोबर सुरुवात करून बघायची होती."

"मग?"

"मग काय, पहिली आले," असं म्हणून त्यांनी माझ्या डब्यातलं लोणचं घेतलं.

हे ऐकून मलाही हुरूप आला. माझा मोकळा तास असायचा, तेव्हा मी आठवीच्या जर्मन वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागलो. तीन आठवड्यांनी चाचणी झाली. मला वीसपैकी सात. मी अक्कांना बाजूला गाठून विनंती केली की माझे गुण तेवढे वर्गात वाचू नका, मी या पोरांना गणित शिकवतो. त्यांनी वाचले. वर जोडलं, "सरांचं वर्तुळ चांगलं येतं, पण 'ओ' वर दोन टिंबं द्यायला विसरतात." शेजारच्या बाकावरचा पोरगा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "होतं सर पहिल्यांदा." मी जर्मन सोडली.

आता माझ्या खऱ्या पराक्रमाकडे येतो. शाळेचं वेळापत्रक करण्याचं काम माझ्याकडे होतं. गणिताच्या माणसाला ते जमतंच असा मुख्याध्यापकांचा समज होता आणि माझाही. मोठा पुठ्ठा, त्यावर रंगीत कागदाचे चौकोन. कुणाचा तास कुणावर आदळत नाही ना ते बघत मी मे महिना त्यात घालवायचो. आमच्याकडे आठवीत जाताना मुलांना संस्कृत, पूर्ण हिंदी आणि जर्मन यांतला एक विषय निवडावा लागे. तिन्हींचे तास एकाच वेळी, तिसऱ्या तासाला होत. जर्मन भरायची जुन्या प्रयोगशाळेत. मग तिथे संगणक आले. खोली गेली. तिसऱ्या तासाला जर्मनसाठी खोलीच उरली नाही, म्हणून मी जर्मनचा निळा चौकोन उचलून आठव्या तासाला, म्हणजे दिवसातल्या शेवटच्या तासाला चिकटवला. तेव्हा सगळे वर्ग पी.टी. नाहीतर चित्रकलेला जात आणि खोल्या रिकाम्या असत. कुणाचीही तक्रार आली नाही. मी स्वतःवर इतका खूश झालो की घरी जाताना बायकोसाठी गजरा घेतला.

तीन वर्षांत जर्मनचा वर्ग बत्तीसवरून नऊवर आला.

नऊ म्हटल्यावर संस्थेला जाग आली. पत्र आलं : यंदा आठवीत पंधरा नावं झाली नाहीत तर जर्मन बंद, आणि अक्कांची बदली संस्थेच्या पारोळ्याच्या शाखेत, वाचनालय सांभाळायला. निवृत्तीला त्यांची तीन वर्षंही उरली नव्हती. ज्या बाईने आयुष्यभर पोरांना बोलतं केलं, तिने शेवटी 'शांतता राखा' या पाटीखाली बसायचं.

मुख्याध्यापकांनी जर्मनकडे विद्यार्थ्यांचा कल का कमी झाला याचा अभ्यास करण्यासाठी एकसदस्यीय समिती नेमली. सदस्य मी. मी मनापासून कामाला लागलो. पालकांशी फोनवर बोललो, वर्तमानपत्रं चाळली, अकरा कारणं काढली आणि ठळक अक्षरांत लिहिली. संस्कृतमध्ये पैकीच्या पैकी गुण मिळतात. जर्मन शब्द लांब असतात. पालकांत उदासीनता आहे. मोबाइलवर भाषा शिकवणारी अ‍ॅप आली आहेत, मग शाळेत कशाला? पुढच्या शिक्षणात उपयोग दिसत नाही. नववं कारण 'जागतिकीकरण' असं होतं. त्याखाली काय लिहायचं ते मला सुचलं नव्हतं, म्हणून तो मुद्दा स्वयंस्पष्ट आहे असं लिहिलं. शिक्षकांच्या सभेत मी हा अहवाल वाचला. मुख्याध्यापक म्हणाले, "अभ्यासपूर्ण." संस्कृत शिकवणाऱ्या नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली. अक्का शेवटच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, अक्षर छान आहे तुमचं."

मी 'थँक यू' म्हणालो. अजूनही आठवलं की कानशिलं गरम होतात.

त्याच आठवड्यात विषय निवडीचे अर्ज भरणं चालू होतं. शनिवार शेवटचा दिवस. मी टेबलावर बसलो होतो. शिंदखेड्याच्या रस्त्यावरच्या एका गावातून साक्षी नावाची सातवी पास झालेली मुलगी वडिलांना घेऊन आली. तिने संस्कृतपुढे खूण केली होती, पण जर्मनपुढेही आधी केलेली खूण खोडलेली दिसत होती. मी समितीच्या रुबाबात विचारलं, "का खोडलं? शब्द लांब वाटतात का?"

वडिलांनी टोपी सारखी केली. म्हणाले, "शब्दसनं काय नही सर. मनी पोरले जर्मन लेवानी लई हौस शे. पन गाडी निंघी जास ना."

"कुठली गाडी?"

"आमनी एसटी. एसटीना पासवाला पोरे बठ्ठा सातवा तासनी घंटा व्हयनी का पळतस. मंग तो आठवा तास कोन शिकी?"

मी पारोळ्याचा, अहिराणी मला कळत नाही असं म्हणायचीही सोय नव्हती. आमच्या शाळेतली निम्मी मुलं खेड्यांवरून येतात. त्यांना आम्ही 'गाडीवाली' म्हणतो. शिंदखेड्याकडची एसटी पाच वाजायच्या आधी सुटते आणि पुढची सात वाजता, म्हणून गाडीवाल्या मुलांना आठव्या तासाची कायमची सूट आहे. ही सूट माझ्या जन्माआधीपासूनची असावी. तिचं रजिस्टर माझ्याच कपाटात असतं. पी.टी. बुडाली तर कुणाचं बिघडत नाही, म्हणून ती शेवटी असते, हेही मीच नव्या शिक्षकांना समजावून सांगत असे. अकरा कारणं शोधून काढणाऱ्या माणसाने बारावं आपल्या हाताने पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं.

मी तडक अक्कांकडे गेलो. त्या नववीच्या वह्या तपासत होत्या. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "हो. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं होतं. गाडीवाली एकही पोर वर्गात नव्हती."

"मग मला सांगितलं का नाही?"

आता त्यांनी लाल पेन खाली ठेवलं. "सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, अक्का, जूनमध्ये बघू. पुढच्या जूनला सांगितलं, तेव्हाही तेच. मागच्या वर्षी नाही सांगितलं. म्हटलं, माणूस कामात आहे." मग म्हणाल्या, "माझी चूक झाली, सर. पोरांना भांडायला शिकवते आणि मीच नीट भांडले नाही."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला ते 'जूनमध्ये बघू' आठवतही नव्हतं.

त्या दुपारी मी पुठ्ठा खाली उतरवला. जर्मन तिसऱ्या तासाला आणायची तर खोली हवी. पहिल्यांदा मी माझं गणित आठव्या तासाला टाकलं आणि खोली मोकळी केली. मुख्याध्यापक म्हणाले, "म्हणजे गाडीवाल्यांना आता गणितच नाही का?" मी तो चौकोन परत उचलला. वाचनालय बघितलं, तिथे छत गळत होतं. सायकल स्टँड बघितला. शेवटी माझी नजर शिक्षक-खोलीवर गेली. तिसऱ्या तासाला तिथे चहा असतो.

जर्मनच्या अस्तित्वापेक्षा तो चहा वाचवण्यासाठी आमच्या सहकाऱ्यांनी जास्त झुंज दिली. नाना म्हणाले, "तुझ्या पापाचं प्रायश्चित्त आम्ही उभ्याने चहा पिऊन घ्यायचं का?" मी म्हटलं, "हो नाना." संस्कृतची पोरं कमी होतील हे त्यांना दिसत होतं, तरी ते स्वतः उठून आपली खुर्ची व्हरांड्यात घेऊन गेले. म्हणाले, "अक्कांनी माझ्या नातीला फुकट शिकवलंय. पण चहा गरम पाहिजे."

नवं वेळापत्रक मंजूर झालं ते शुक्रवारी. मी घाईघाईने सूचना लिहिली : जर्मन यापुढे तिसऱ्या तासाला, गाडीवाल्या मुलांनाही घेता येईल, अर्ज उद्यापर्यंत बदलता येतील. शिपायाला वही देऊन सगळ्या वर्गांत फिरवली आणि हात झटकत खोलीत आलो. अक्का दारात उभ्या होत्या.

"सूचना कधी वाचली, सर?"

"आत्ताच. आठव्या तासाला."

"आणि आत्ता वर्गांत कोण आहे?"

गाडीवाली पोरं तर सातव्या तासाच्या घंटेलाच पळाली होती. त्यांनी पर्स खांद्याला लावली. "स्कूटर काढा."

अक्का माझ्या मागे एका बाजूला बसल्या आणि आम्ही एसटी स्टँडवर पोचलो तेव्हा शिंदखेड्याची गाडी फलाटावरून मागे येत होती. आम्ही चढलो. गाडीत आमच्या शाळेची तीसेक पोरं, बाजार करून निघालेल्या बायका, दोन म्हातारे आणि एक पिशवीतली कोंबडी. मी सूचना वाचायला लागलो, पण इंजिनापुढे माझं काही चालेना. अक्कांनी मला बाजूला सारलं, वरची दांडी धरली आणि आवाज लावला. वर्गातल्या भाजीबाजारात कमावलेला आवाज तो. कोंबडीही गप्प झाली.

"पोरांनो, जर्मन तुमच्या घरात कुणाला येते?"

कुणालाच येत नव्हती.

"हेडमास्तरांच्या घरातही कुणाला येत नाही. आबांच्या घरात येत नाही. सरांना तर शिकवूनही येत नाही. म्हणजे इथे तुमच्या पुढे कुणीच नाही. पहिल्या दिवशी सगळे एका रेषेवर. असा विषय दुसरा दाखवा."

तेवढ्यात कंडक्टर तिकिटाला आला आणि म्हणाला, "बाई, जर्मनीचं फुल काढू का हाफ?" गाडी हसली. अक्कांनी त्याला पन्नासाची नोट दिली आणि उरलेल्या पैशांवरून त्याच्याशी जर्मनमध्ये कडाकडा भांडायला सुरुवात केली. तो दोन मिनिटं ऐकत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, या बाई मले शिव्या दी राह्यन्यात का?"

"नाही हो भाऊ," अक्का म्हणाल्या, "सुटे मागतेय."

"मंग मराठीत मागा ना. लगेच देस."

"मराठीत मागितले तर तुम्ही 'उतरताना घ्या' म्हणता."

मागच्या सीटवरचा एक म्हातारा म्हणाला, "बरोबर शे." पोरं बाकांवर उभी राहिली. साक्षीने दप्तरातून अजून न दिलेला अर्ज काढून माझ्या पेनासाठी हात पुढे केला. शिंदखेडा येईपर्यंत माझ्या पेनाची शाई संपली, एका बाईंनी पोराचं पेन दिलं. अक्कांची चाळीसगावची पॅसेंजर अर्थातच चुकली. त्या दिवशी त्या आमच्याकडे मुक्कामाला राहिल्या. बायकोने माझ्याकडे बघून अक्कांना एवढंच विचारलं, "ह्यांच्यामुळेच ना?" अक्का म्हणाल्या, "हो, पण स्कूटर चांगली चालवतात."

दुसऱ्या दिवशी जर्मनची एकोणीस नावं झाली. त्यांतली अकरा गाडीवाली.

ही एकोणीस पोरं दहावीत गेली तेव्हा नोव्हेंबरात अक्का निवृत्त झाल्या. निरोप समारंभात नारळ, शाल, आबांचं जर्मनीतल्या यंत्रांवरचं भाषण, सगळं व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने अक्का आल्या आणि तिसऱ्या तासाला शिक्षक-खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. मुख्याध्यापक अवघडून म्हणाले, "अक्का, मस्टरवर आता तुमचं नाव नाही."

"मी सही करायला येत नव्हते," अक्का म्हणाल्या, आणि दहावीची परीक्षा होईपर्यंत येत राहिल्या. शेवटच्या तासाला त्यांनी पोरांना विषय दिला : निरोप दिलेल्या बाई वेळेवर जात नाहीत म्हणून त्यांच्याशी भांडा. व्हरांड्यात आम्ही उभ्याने चहा पीत ऐकत होतो. सुरुवातीला दणक्यात चाललं. मग एकेका पोराचा आवाज बसत गेला, तेव्हा नाना कप ठेवून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेले.

आता नंदुरबारकडचे एक तरुण सर तासिका तत्त्वावर येऊन जर्मन शिकवतात. यंदा सोळा मुलं आहेत. शिक्षक-खोली आम्हाला अजून परत मिळालेली नाही.

परवा साक्षीचा फोन आला. ती जळगावला अकरावीत आहे, तिथेही तिने जर्मन घेतली आहे. वर्गात पाच जण. मी समितीचा माजी सदस्य. लगेच काळजीत पडलो. "पाचच? बंद नाही ना करणार? हे बघ, वेळापत्रक कोण करतं ते आधी शोधून काढ. आणि तो जर म्हणाला की पुढच्या वर्षी बघू, तर –"

"ते झालं सर," साक्षी म्हणाली. "आमचा तास सकाळी सातला होता. बाहेरगावच्या मुली पोचू शकत नव्हत्या. मी अक्कांना फोन केला होता. त्या चाळीसगावहून आल्या सोमवारी."

"काय म्हणाल्या त्या वेळापत्रकवाल्या सरांना?"

"फार काही नाही. समोर खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, तुम्ही तास बदला, मला घाई नाही."

"मग?"

"दीड वाजता बदलला. आता नऊला आहे."

त्या सरांना मी ओळखत नाही. पण ते जळगावात कुठे भेटले, तर चहा मी पाजणार आहे.